गायरानातला गोल्फ

आमच्याकडे गोल्फचे मैदान होते असे मी घरात सांगतो तेव्हा माझी मुले हसतात. थोरला म्हणतो, "बाबा, वैशाखात इथं प्यायचं पाणी वेळेवर मिळत नाही, आणि गोल्फ?" त्याचे हसणे मला समजते. मी वाद घालत नाही. दिवसभर जिनात, म्हणजे सरकी काढण्याच्या कारखान्यात, कापूस तोलून घरी आल्यावर वाद घालण्याचे त्राण उरत नाही. पण मैदान होते. नंदुरबारहून धानोऱ्याला जाणाऱ्या सडकेच्या डाव्या हाताला, गावच्या गायरानात होते, आणि त्यावर कुणीही येऊन खेळावे असे होते. ते दामूनानांनी केले होते.

नानांचे चरित्र मला सांगता येणार नाही. त्यांचा जन्म कोणत्या साली झाला हे मी कधी विचारले नाही, आणि त्यांनाही ते नक्की ठाऊक असेल असे वाटत नाही. सरकारी रस्त्यांवर ते ओव्हरसियर होते. नोकरी संपवून गावी परतले तेव्हा बायको वारली होती आणि मुलगा सुरतेला होता. मुलाचा विषय निघाला की ते एवढेच म्हणत, "तो तिकडे बरा आहे." 

उंच होते, पण खांद्यातून वाकलेले. चालताना मान खाली. लोकांना वाटे, म्हातारा विचारात आहे. विचार वगैरे काही नव्हता, ते जमिनीचा उतार पाहत असत. कुठेही गेले, पाण्याचा तांब्या हाती आला, की पिण्याआधी थोडे पाणी भुईवर सांडायचे आणि ते कुठे धावते ते पाहायचे. माझ्या घरी पहिल्यांदा आले तेव्हाही तेच केले. माझी बायको दारातून बघत होती. पाणी सांडून, बघून ते म्हणाले, "तुमचं अंगण उंबऱ्याकडे उतरतंय, काटेवाले. पावसाळ्यात घरात पाणी येत असेल." येत होते. मग चहा घेतला आणि गेले. 

जिनातल्या काट्यावर मी बसतो म्हणून ते मला काटेवाले म्हणत. माझे नाव त्यांनी कधी घेतलेले मला आठवत नाही.

दुसरी मोठी लढाई सुरू होण्याच्या आधीची ती काही वर्षे. मी तेव्हा तिशीत होतो, पण हंगामात दिवसभर वजने उचलून आणि आकडे ओरडून संध्याकाळी पन्नाशीचा होत असे. एका सुट्टीच्या दिवशी सायकलवरून धानोऱ्याकडे जात असता मला गायरानात एक म्हातारा माणूस काठीने चेंडू मारताना दिसला. मी थांबलो. त्याने माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "मोजता येतं का?"

मी म्हटले, तेवढेच येते.

"मग या. मी मारत जातो, तुम्ही मोजत जा. माझा मला हिशेब लागत नाही."

त्या दिवसापासून मी त्यांचे फटके मोजू लागलो, आणि पुढे थोडे स्वतःही मारू लागलो. मी किती म्हणेन ते नाना मान्य करीत. एकदाही त्यांनी माझा आकडा कमी करून मागितला नाही.

मैदानात सहा गली होत्या. गल म्हणजे गोट्या खेळताना पोरे जमिनीत कोरतात तीच, फक्त थोडी मोठी. पहिल्या गलीकडे जाताना नाला ओलांडावा लागे. दुसरी चढावर होती. तिकडची काळी जमीन थंडी सरता सरता भेगाळू लागे, आणि चेंडू भेगेत गेला तर खांद्यापर्यंत हात घालून काढायचा, नाहीतर सोडायचा. तिसरी गाडवाटेच्या कडेने होती. चाकोरीत चेंडू पडला की तो उतारावरून मुकाट्याने परत आपल्या पायाशी येई. अशा वेळी नाना माझ्याकडे पाहत आणि मी म्हणे, "फटका धरला." ते मान हलवीत आणि पुन्हा मारीत. चौथीला बाभळी. पाचवीला वीटभट्टी आडवी. सहावी नदीच्या काठावरून वर, नानांच्या झोपडीच्या मागच्या दारापर्यंत. ती खेळून होईपर्यंत माझ्या पोटऱ्या भरून येत. नाना दाराच्या दगडावर बसत आणि म्हणत, "आता बरं वाटतंय. नुसतं बसून शीण जात नाही. पाय दमले की डोकं गप्प बसतं."

मैदान इतके वाकडे का आखले, असे मी एकदा विचारले. ते म्हणाले, "तीस वर्षं सरळ रस्ते केले. कंटाळा आला."

हा खेळ ते एका छावणीत शिकले होते. शिकले म्हणणेही बरोबर नाही. साहेब लोकांचे मैदान सपाट करण्याचे काम त्यांच्याकडे होते. सात पावसाळे त्यांनी ते मैदान राखले. "आत जायला मला बंदी नव्हती," ते म्हणत, "फक्त रोलर घेऊन जायचं." मायदेशी परतताना एका म्हाताऱ्या साहेबाने त्यांना तीन जुन्या काठ्या आणि पिशवीभर चेंडू दिले, आणि एक फटका मारू दिला. एकच. तो कुठे गेला ते नानांना दिसले नाही, कारण मारताना त्यांनी डोळे मिटले होते. हे सांगताना ते हसत नसत. माझ्या मैदानावर कुणाला बंदी नाही, एवढेच पुढे जोडत.

आणि बंदी खरोखरच नव्हती. गुराखी खेळत, सडकेवरून जाणारा एखादा पाव्हणा थांबून दोन फटके मारून जाई. एकदा माझा चेंडू पाचव्या गलीजवळ पडला होता. एका कावळ्याने तो अंडे समजून चोचीत उचलला, थोडा वेळ लिंबावर बसला, आणि मग वैतागून टाकून दिला. चेंडू गलीपासून हातभर अंतरावर येऊन पडला. आता हा फटका कुणाचा? मी म्हटले, चेंडू होता तिथे परत ठेवायला पाहिजे.

"का?" नाना म्हणाले.

"कावळ्यानं आणला तो. माझा हिशेब चुकेल."

"कावळा काय बाहेरगावचा आहे? इथलाच आहे. मैदान सगळ्यांचं आहे म्हटल्यावर त्यालाही एक फटका द्या." आणि थोडे थांबून म्हणाले, "पण तुमच्या मोजणीत धरा. फुकट नको."

मी धरला.

साहेब लोकांच्या मैदानावर गलीभोवती हिरवळ असते म्हणे. आमच्याकडे हिरवळ कुठली? नानांनी प्रत्येक गलीभोवती मोठे वर्तुळ आखले, ते खणून, पाणी मारून, दगडी रोलर फिरवून टणक केले आणि वरून शेणाने सारवले. चेंडू त्यावरून तेलावर ठेवल्यासारखा जाई. सारवण्याचे काम गिरधरची बायको सोनाबाई करी. गिरधर शेजारचा शेतकरी. नाना स्वतः टोपली घेऊन गायरानातले शेण गोळा करीत आणि तिला आणून देत. एके काळचा ओव्हरसियर शेणाची टोपली घेऊन फिरतो याचे गावाला हसू येई. नानांना येत नसे.

एकदा मी पायात वहाणा तशाच ठेवून वर्तुळात शिरलो. सोनाबाई दुसऱ्या बाजूला सारवत होती. ती तिथूनच ओरडली, "ओ भाऊ! पायतन काढा! खयावर पायतन घालीसन येतंस का कोन्ही?"

आमच्या बोलीत ळचा बहुधा य होतो; खय म्हणजे खळे. नाना म्हणाले, "खयं नही वं माय. खेयानं मैदान शे हाई."

तिने हाताचे शेण निपटले आणि कमरेवर मनगट टेकून उभी राहिली. "गोल शे. सारायेल शे. मझार भोक शे. मंग काय शे, देवय शे?"

 वाकून नानांनी स्वतःच्या वहाणा काढल्या आणि बाहेर ठेवल्या. तेव्हापासून आमच्या मैदानाचा तो नियम झाला. गलीजवळ अनवाणी.

त्या दिवशी आम्ही दोघांनीही तिचे बोलणे हसण्यावारी नेले. खरे म्हणजे तिने सगळे सांगून टाकले होते. आमच्या भागात सुगीला शेतकरी हेच करतो. जमीन टणक करतो, सारवतो, मधोमध भोक पाडून त्यात मेढ रोवतो, मेढीला बैल बांधतो आणि कणसांवरून गोल फिरवतो. नानांनी गावाबाहेर अशी सहा खळी तयार करून ठेवली होती. आयुष्यभर जमिनीकडे बघत चाललेल्या माणसाला हे दिसले नाही.

त्या वर्षी माघात अवकाळी पाऊस झाला. चार दिवसांनी आम्ही खेळत दुसऱ्या गलीपाशी पोचलो तर गलीत बाभळीची मेढ रोवलेली, आणि भोवती गिरधरचे दोन बैल फिरत होते. खाली दादरची कणसे पसरलेली. दादर म्हणजे आमच्याकडची रब्बीची ज्वारी.

"गिरधर, हाई काय चालू शे?" नानांनी विचारले.

"दादर मळी ऱ्हायनू, नाना. मन्हं खयं गारामा गयं. तुम्हनं रिकामं व्हतं."

"रिकामं नही. आम्ही खेयतंस आठे."

"मंग खेया ना सांजले. बैल सोडी लेसू."

नानांचा आवाज चढला. असा चढलेला मी प्रथमच ऐकला. "बाकीना गाव पडेल शे. मन्हंच भोक सापडनं का तुले?"

तेवढ्यात पलीकडून सूप घेऊन सोनाबाई आली. "सारवं कोन्ही? मी. मंग चार दिन मन्हा बैल फिरनात त काय घासाई ग्यं तुम्हनं?"

 नाना माझ्याकडे वळून म्हणाले, "काटेवाले, दुसरी सोडून देऊ. पाच मोजा."

आम्ही पाच खेळलो. परतताना ते म्हणाले, "एकदा झालं. पुढच्या वर्षी कशाला येतील?"

पुढच्या वर्षी सगळे आले. कुणी भांडायला आले नव्हते. तयार खळे आहे, वारा लागतो, गुरे आवरायला मोकळी जागा आहे, एवढा साधा हिशेब. माघापासून होळीपर्यंत सहाही वर्तुळांत मेढी उभ्या राहिल्या. पावसाळ्यात आमचे मैदान चिखल, उन्हाळ्यात भेगा आणि झळा. खेळण्यासारखे बरे दिवस हेच, आणि नेमके हेच गेले. नाना रोज सकाळी काठी घेऊन निघत आणि पहिल्या खळ्यापासून परत येत. पंधरा दिवसांत ते मला वाळल्यासारखे वाटले. रात्री झोप नाही, म्हणाले. डोकं गप्प बसत नाही.

मीच त्यांना सांगितले की प्रांतसाहेबाचा मुक्काम पुढच्या आठवड्यात आमराईत पडणार आहे. साहेब तरुण होता आणि गोल्फचा शौकीन होता असे कचेरीत बोलले जाई. गायरानातली तेवढी जागा खेळासाठी राखून ठेवण्याचा हुकूम काढणे त्याच्या हातात होते.

 नाना म्हणाले, "कागदावर आलं की कुणी मेढ रोवणार नाही."

"नाही रोवणार."

"दुसरं काही मी केलं नाही हो, काटेवाले. रस्ते सरकारचे. घर बापाचं. एवढंच एक माझ्या डोक्यातून निघालं."

ते साहेबाच्या तंबूवर गेले आणि सांगून आले. साहेब खूश झाला. जंगलात कुणीतरी गोल्फचे मैदान बांधले आहे हे त्याला खरेच वाटेना. दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्वतःच्या काठ्या घेऊन हजर झाला. मागे गावचा पाटील, कोतवाल, दोन शिपाई. मी रजा घेऊन गेलो होतो.

साहेब चांगला खेळे. नाल्यावरून त्याचा पहिला चेंडू असा गेला की कोतवालाने तोंडात बोट घातले. पण पहिल्या वर्तुळात कणसे होती. लोकांनी साहेब येतोय असे पाहून बैल बाजूला नेले होते आणि ते दूर ओळीने उभे होते. साहेबाने चौकशी केली नाही. हसत पुढे निघाला. दुसऱ्या गलीकडे त्याने चढावर उंच चेंडू मारला. तो थेट गिरधरच्या खळ्यात, उफणून ठेवलेल्या दाण्यांच्या राशीत जाऊन रुतला.

राशीची पूजा व्हायची होती. पूजेआधी राशीला परका हात लागू देत नाहीत. साहेब खिळ्यांचे बूट घालून सरळ खळ्याकडे निघाला. सोनाबाई राशीपुढे येऊन उभी राहिली. हातात सूप. साहेबाशी बोलायचे कसे हे तिला ठाऊक नव्हते. ती नानांकडे पाहत होती. गिरधर तिच्या मागे, मान खाली घालून.

साहेब थांबला. नानांना इंग्रजीत म्हणाला, "हे लोक तुमच्या मैदानात काय करताहेत? तुम्ही काल सांगितलंत ते हेच ना? सांगा, आजच सगळं उचलायला लावतो. तारेचं कुंपण घालून देतो. दारावर एक माणूस ठेवू, म्हणजे भलतं कुणी आत येणार नाही."

पाटलाला इंग्रजी येत नव्हते, पण काय चालले आहे ते त्याला कळले असावे. त्याने शिपायाला खूण केली आणि शिपाई दोन पावले पुढे झाला.

 मी नानांच्या बाजूलाच होतो. त्यांच्या ओठांची हालचाल मला दिसत होती. हवे होते ते सगळे समोर आले होते. नुसते हो म्हणायचे होते.

"साहेब," नाना म्हणाले, "माझ्या सांगण्यात चूक झाली. हे मैदान नाही. ही या लोकांची खळी आहेत. सुगी नसते तेव्हा ते मला इथं खेळू देतात."

साहेबाने भुवया उंचावल्या. "सहाच्या सहा?"

"सहाही."

"आणि माझा चेंडू?"

"रास पुजल्यावर मिळेल. आत जायचं तर बूट काढावे लागतील. इथला नियम आहे."

 साहेब मोठ्याने हसला. म्हणाला, चेंडू ठेवा तुम्हालाच. माणूस वाईट नव्हता. जाताना पाटलाला सांगून गेला की या सहा खळ्यांची नोंद गावची सार्वजनिक खळी म्हणून करून घ्या, म्हणजे पुढे तक्रार नको. त्याच्या मते त्याने सगळ्यांचेच भले केले.

लोक बैल घेऊन परत आले. सोनाबाई खाली वाकून सांडलेले दाणे राशीत लोटू लागली. नाना तिथे थांबले नाहीत. सडकेपर्यंत मी त्यांच्याबरोबर चाललो. मला राग आला होता. माझी रजा, त्यांची झोप, सगळे वाया गेले असे वाटत होते.

"नाना, हे काय केलंत?"

"कुंपण म्हणाला तो."

"मग? तेच तर हवं होतं."

"दारावर माणूस म्हणाला." ते चालत राहिले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "तुम्ही हिशेबी माणूस. मी खोटं बोललो का?"

मी विचार करून म्हटले, "निम्मं."

"चालेल," नाना म्हणाले. "निम्मं चालेल."

त्यानंतर ते खेळले नाहीत असे नाही. सुगी संपली की मेढी उपटून लोक जात आणि नाना गली दुरुस्त करून घेत. पण प्रत्येक सुगीत गली रुंदावत. मेढीच्या भोकात आता चेंडू काय, नारळ गेला असता. मग लढाई सुरू झाली. चेंडू मिळेनासे झाले. नानांचे गुडघे धरले. वीटभट्टीवाल्याने पाचव्या गलीपर्यंत माती खणली. माझी कामे वाढली, मुले वाढली, सायकलवर तेवढे जाणे नकोसे वाटू लागले. काठ्यांचे पुढे काय झाले ते मला माहीत नाही. एखादी गोष्ट बंद पडली तो दिवस सांगता येत नाही, तसेच या खेळाचे झाले. गावात मात्र त्या जागेला नानांची खळी हे नाव पडले. नवीन पोरांना वाटते, दामूनाना नावाचा कुणी मोठा शेतकरी होऊन गेला.

मी नानांना शेवटचे पाहिले ते फाल्गुनात, दुपार कलताना. धानोऱ्याला एका लग्नाला गेलो होतो, परतताना वाट वाकडी केली. दुसऱ्या खळ्यावर उफणणी चालली होती. तिवईवर उभी राहून सोनाबाई सूप डोक्याच्या वर धरून दाणे सोडत होती. दाणे सरळ खाली पडत आणि भूस वाऱ्याबरोबर पलीकडे जाई. नाना खळ्याच्या कडेला, वाऱ्याच्या वरच्या अंगाला, पोत्याला टेकून बसले होते. जवळ गेलो तेव्हा दिसले की त्यांना झोप लागली आहे. तोंड थोडे उघडे, हात मांडीवर. इतके गाढ झोपलेले मी त्यांना कधी पाहिले नव्हते.

मी हाक मारणार, तेवढ्यात वारा फिरला. भुसाचा पहिला लोट नानांच्या बाजूला वळला आणि त्यांच्या पायांवर बसला. सोनाबाईने लगेच सूप आडवे केले. खालून गिरधर म्हणाला, "नानाले उठाडू का?"

"नको," ती म्हणाली. "निजू दे. वारा फिरी परत."

ती भरलेले सूप तसेच डोक्यावर धरून उभी राहिली. हात भरून आले तेव्हा तिने सूप कमरेवर घेतले, पण खाली उतरली नाही. गिरधर बैलांपाशी जाऊन बसला. मी हाक मारली नाही. सायकल आवाज न करता वळवली आणि सडकेला लागलो. वळणावरून मागे पाहिले तेव्हा काम अजून थांबलेलेच होते.